24 गाड्या, 40 किलोवॅट: पुण्यातल्या एका सोसायटीच्या पार्किंगमधलं चार्जिंग

पुण्याच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत दहा-पंधरा वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या मध्यम सोसायट्या साधारण एकाच साच्याच्या आहेत. अकरा मजल्यांच्या दोन इमारती, 88 फ्लॅट, आवारात 22 केव्हीवरून 433 व्होल्टवर उतरवणारा 315 केव्हीएचा (केव्हीए हे ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेचं माप, इथे ढोबळमानाने किलोवॅटइतकंच धरलं आहे) एक ट्रान्सफॉर्मर, स्टिल्टखाली आणि तळघरात पार्किंग. अशाच एका सोसायटीचं प्रकरण इथे पूर्ण मांडलं आहे. भाराचे आणि गाड्यांचे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत. आपल्या सोसायटीचे आकडे घालून तोच हिशेब पुन्हा करता येतो, आणि काम हाती घेण्याआधी तो करावाच.

24 सभासदांना पार्किंगमध्ये कारसाठी चार्जर हवा आहे. पुरवठादार सुचवतो तो भिंतीवरचा 32 अँपिअरचा सिंगल फेज चार्जर, म्हणजे 7.4 किलोवॅट. 24 चार्जरचे होतात 177 किलोवॅट. उन्हाळ्यात रात्री नऊच्या सुमाराला एसी, लिफ्ट आणि पंप धरून सोसायटीचा भार 210 केव्हीए असतो. दोन्हींची बेरीज 387, आणि ट्रान्सफॉर्मर 315 चा. बेरीज कागदावर पडली की कमिटी घाबरते. "आधी दुसरा ट्रान्सफॉर्मर, मग चार्जर" असा ठराव होतो आणि विषय दोन वर्षं पडून राहतो. तोवर लोक थांबत नाहीत. कुणी जिन्यातल्या सॉकेटवरून, कुणी पहिल्या मजल्याच्या बाल्कनीतून एक्स्टेन्शन बोर्ड सोडतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत चार्जिंगसाठी एक्स्टेन्शन कॉर्ड वापरायला सरळ मनाई आहे, आणि त्याला कारण आहे. 15-16 अँपिअर सलग सहा तास वाहायला घरगुती बोर्डाच्या पत्त्या बनवलेल्याच नसतात. त्या तापतात, सैल होतात आणि आणखी तापतात.

177 हा आकडा खरा आहे, पण तो चुकीच्या प्रश्नाचं उत्तर आहे. गाडीला रात्रभरात किती युनिट लागतात, हा खरा प्रश्न. शहरात रोज 35-40 किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला भिंतीपाशी मोजून साधारण 6 युनिट लागतात. 24 गाड्यांची 144 युनिट झाली. रात्री दहा ते सकाळी सहा या आठ तासांत ती समान वाटली तर सरासरी भार येतो 18 किलोवॅट. एका बाजूला 177, दुसऱ्या बाजूला 18. वीज पुरेशी आहे. सगळ्यांनी एकाच वेळी घेतली की अडचण होते. त्यामुळे या सोसायटीला नवा ट्रान्सफॉर्मर लागत नाही. अँपिअर वाटून देणारी यंत्रणा लागते, आणि ती चालेल अशी वायरिंग लागते.

जोडणी कुठून घ्यायची

दोन वाटा आहेत. पहिली, प्रत्येकाने आपल्या फ्लॅटच्या मीटरवरून पार्किंगपर्यंत केबल आणायची. दोन-चार गाड्या असतील तोवर हे चालतं. महिन्याला 180 युनिट वाढले की घरगुती बिल वरच्या टप्प्यात जातं, मीटर रूममधून 24 केबल निघतात, आणि मुख्य म्हणजे त्या 24 भारांवर एकत्र नियंत्रण ठेवायला जागाच उरत नाही. दुसरी वाट सोसायटीच्या नावाने चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी घेण्याची. केंद्र सरकारच्या वीज ग्राहक हक्क नियमांतल्या फेब्रुवारी 2024 च्या दुरुस्तीने तिचा मार्ग स्पष्ट केला आहे. 24 गाड्यांच्या सोसायटीने दुसरीच वाट धरावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मंजूर भार 40 किलोवॅट मागायचा. 18 ची सरासरी गरज, लांबच्या प्रवासाहून आलेल्या गाड्या आणि पुढची दोन-तीन वर्षं एवढं त्यात बसतं. 40 किलोवॅट म्हणजे दर फेजला सुमारे 58 अँपिअर. अँपिअर वाटून देणाऱ्या नियंत्रकाची मर्यादा त्याखाली, 55 अँपिअरवर ठेवायची आणि मुख्य ब्रेकर 63 अँपिअरचा घ्यायचा. मीटरपासून चार्जिंगच्या पॅनेलपर्यंत 60 मीटर अंतर असेल तर चार कोअरची 35 चौरस मिलिमीटर अॅल्युमिनियम आर्मर्ड केबल पुरते. 25 ची केबलही प्रवाह पेलते, पण पूर्ण भाराला ती गरम असताना पाच व्होल्टच्या वर खाते. 35 ची साडेतीनच्या आसपास खाते. फरक थोडा वाटतो, पण शेवटच्या चार्जरपर्यंतची आणखी 40 मीटर केबल त्यात मिळवली की काही गाड्या कमी व्होल्टेजमुळे आपणहून प्रवाह उतरवतात आणि दोष चार्जरवर येतो.

पॅनेल आणि चार्जर

प्रत्येक चार्जरला स्वतःचं सर्किट, 6 चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, 40 अँपिअरचा सी कर्व्ह एमसीबी (प्रवाह जास्त झाला की पडणारा स्विच) आणि स्वतःचा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पडणारा स्विच). इथे सर्वांत जास्त वेळा होणारी चूक म्हणजे दुकानात सहज मिळणारा एसी टाइपचा आरसीसीबी बसवणं. गाडीच्या आत एसीचं, म्हणजे दिशा बदलत वाहणाऱ्या विजेचं, डीसी म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज होते. तिथे दोष झाला तर डीसी गळती मागे येते, एसी टाइपच्या आरसीसीबीचा चुंबकीय कोअर संपृक्त होतो, म्हणजे भरून जातो, आणि खऱ्या धोक्याच्या वेळी तो पडतच नाही. टेस्ट बटण दाबल्यावर मात्र पडतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. चार्जरमध्येच 6 मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखणारी सोय असेल तर ए टाइप चालतो. नसेल तर बी टाइप घ्यायचा. ही ओळ खरेदीच्या ऑर्डरमध्ये लिहिलेली हवी.

एमसीबी एकमेकांना चिकटवून लावू नयेत. घरातला एमसीबी पूर्ण प्रवाह दहा मिनिटं पाहतो, इथला चार तास पाहतो. मे महिन्यात बंद पॅनेलमध्ये आठ एमसीबी एका रांगेत तापले की मधले दोन उगाच पडायला लागतात. मधे रिकामी जागा सोडायची आणि पॅनेलला हवा खेळती ठेवायची. अॅल्युमिनियम केबल तांब्याच्या बसबारला (पॅनेलमधल्या वीज वाटणाऱ्या पट्टीला) जोडताना बायमेटॅलिक लग (दोन धातूंचा जोडतुकडा) वापरायचा, आणि महिनाभराने पूर्ण भारावर थर्मल कॅमेऱ्याने सगळे जोड पाहायचे, मग वीज बंद करून ते पुन्हा घट्ट करायचे. सॉकेट जमिनीपासून किमान 800 मिलिमीटर वर असावं, असा नियम आहे. ज्या तळघरात पावसाचं पाणी शिरतं तिथे आणखी वर.

आता फेज. 24 सिंगल फेज चार्जर म्हणजे आर, वाय आणि बी या तीन फेजवर आठ-आठ, हे सगळ्यांना कळतं. वायरमन मात्र सोयीने ए इमारतीची रांग एका फेजवर टाकतो आणि बी इमारतीची दुसऱ्या. मग ज्या इमारतीत गाड्या आधी येतात ती फेज 55 अँपिअरला अडकते आणि शेजारची फेज रिकामी राहते. ओळीने आर-वाय-बी, आर-वाय-बी असंच जोडायचं. थ्री फेज चार्जर घेतले असतील तर सापळा वेगळा आहे. सगळ्यांचं पहिलं टर्मिनल आर वर ठेवलं, तर 7.4 किलोवॅट सिंगल फेज घेणाऱ्या सगळ्या गाड्या आर वरच बसतात. त्यामुळे पहिला चार्जर आर-वाय-बी, दुसरा वाय-बी-आर, तिसरा बी-आर-वाय. कोणता चार्जर कसा जोडला आहे ही यादी नियंत्रकात भरली नाही, तर तो भलत्याच फेजचा हिशेब करत बसतो आणि मुख्य ब्रेकर पडतो. त्यामुळे वायरिंग झाल्यावर प्रत्येक चार्जरला गाडी लावायची, पॅनेलपाशी क्लॅम्प मीटर धरायचा आणि प्रवाह कोणत्या फेजला दिसतो ते यादीशी ताडायचं. 24 चार्जरना अर्धा दिवस जातो. तो वाचवू नये.

गाडीला "कमी घे" कसं सांगतात

टाइप 2 (कारच्या एसी चार्जिंगचा प्लग) च्या केबलमध्ये पॉवरच्या तारांबरोबर कंट्रोल पायलट नावाची एक बारीक तार असते. चार्जर तिच्यावर अधिक-उणे 12 व्होल्टचा, सेकंदाला 1000 वेळा चालू-बंद होणारा संकेत पाठवतो. त्यात "चालू" भाग किती टक्के आहे यावरून गाडीला आपली मर्यादा कळते. टक्क्यांना 0.6 ने गुणलं की अँपिअर मिळतात: 10 टक्के म्हणजे 6, 26.7 टक्के म्हणजे 16, 53.3 टक्के म्हणजे 32. मर्यादा बदलल्यावर पाच सेकंदांत गाडीने ती पाळायची असते. एवढ्या साध्या संकेतावर सगळं भार-व्यवस्थापन उभं आहे.

त्यातून तीन गोष्टी निघतात. एक, 6 च्या खाली जाता येत नाही. त्याहून कमी उरलं तर एखादी गाडी थांबवावीच लागते. दोन, या तारेवरून चार्जरला बॅटरीची टक्केवारी कळत नाही. कोणाला किती युनिट हवीत आणि कधी निघायचं, हे गाडीवाल्याने अॅपमध्ये सांगावं लागतं, नाहीतर गृहीत धरावं लागतं. तीन, पायलट देतो ती वरची मर्यादा असते. तेवढा प्रवाह गाडीने घेतलाच पाहिजे असं बंधन नाही. 3.3 किलोवॅटचा ऑनबोर्ड, म्हणजे गाडीतलाच, चार्जर असलेल्या गाड्या रस्त्यावर भरपूर आहेत. अशा गाडीला 32 अँपिअर दिले तरी ती 15 च्या पुढे जात नाही. उरलेले 17 कागदावर अडकून पडतात आणि दुसरी गाडी उपाशी राहते. म्हणून नियंत्रकाने दिलेलं आणि घेतलेलं यांतला फरक मिनिटभरात पाहून जास्तीचं काढून घेतलं पाहिजे. खरेदीआधी पुरवठादाराला विचारायचा पहिला प्रश्न हाच. "डायनॅमिक लोड मॅनेजमेंट आहे" एवढं उत्तर पुरेसं धरू नये, 3.3 ची एक आणि 7.2 ची एक गाडी लावून दाखवायला सांगावं.

सगळ्यांना 6-6 अँपिअर वाटणं न्याय्य दिसतं, पण ते काटकसरीचं नाही. चार्जिंग चालू असताना गाडीचे पंप आणि कंट्रोलर स्वतःच दोन-तीनशे वॅट घेतात. 1380 वॅटमधले तेवढे गेले तर तोटा मोठा. निम्म्या गाड्यांना 12 ते 16 अँपिअर द्यायचे आणि अर्ध्या-एक तासाने पाळी बदलायची, हे बरं. अडचण एवढीच की काही गाड्या दीर्घ विरामानंतर झोपतात आणि पुन्हा प्रवाह दिला तरी उठत नाहीत. सकाळी मालकाला रिकामी गाडी दिसते. अशी मॉडेल ओळखून त्यांना थांबवण्याऐवजी 6 वर ठेवायचं, किंवा चार्जरने पायलट क्षणभर तोडून गाडी उठवण्याची सोय आहे का ते पाहायचं.

वेळापत्रक

खरा अडथळा ट्रान्सफॉर्मरचा असला, तरी तो बहुधा महावितरणचा असतो. त्याच्या लो टेन्शन बाजूला किंवा मीटरच्या आधीच्या केबलवर सोसायटीने परस्पर सीटी (प्रवाह मोजणारे करंट ट्रान्सफॉर्मर) बसवायचे नाहीत. लेखी परवानगी मिळाली तर उत्तम: तिन्ही फेजवर 400/5 चे सीटी, मॉडबसवर (यंत्रांच्या आपसातल्या संवादाच्या पद्धतीवर) बोलणारा मीटर, आणि नियंत्रक प्रत्यक्ष भार पाहून मर्यादा हलवतो. परवानगी नसेल तर तासांप्रमाणे ठरवलेली मर्यादा पुरते. या प्रकरणात दर फेजला संध्याकाळी सात ते दहा 20 अँपिअर, दहा ते बारा 40, बारा ते सहा 55. दिवसा, छतावर सोलर असेल तर, पुन्हा 55.

संध्याकाळी सोसायटीचे 210 आणि चार्जिंगचे 14 मिळून 224 केव्हीए होतात. 315 च्या 80 टक्के म्हणजे 252, त्याच्या आत. मध्यरात्रीनंतर मे महिन्यात एसी चालू असताना 165 धरले तरी 38 मिळवून 203. रात्रीचा खड्डा काठोकाठ भरायचा मोह होतो, तो टाळावा. ट्रान्सफॉर्मर दिवसभराची उष्णता रात्री टाकतो. रात्रभरही तो तापलेला राहिला तर तेल थंड होत नाही आणि आतल्या कागदी इन्सुलेशनचं आयुष्य झपाट्याने घटतं.

आता एका फेजवरच्या आठ गाड्यांना पुरतं का ते पाहू. 20 अँपिअरने तीन तास म्हणजे 13.8 युनिट, 40 ने दोन तास 18.4, 55 ने सहा तास 75.9. एकूण 108. रोजची गरज आठ गुणिले सहा, 48. दुपटीहून जास्त वाव आहे. दोन गाड्या महाबळेश्वरहून रिकाम्या होऊन आल्या आणि प्रत्येकीला 35 युनिट हवीत, तर गरज 106. बसतं, पण जेमतेम. जोडून आलेल्या सुट्ट्यांनंतरच्या रविवारी अशा चार गाड्या आल्या तर 164 लागतात आणि ती मिळणार नाहीत. त्या रात्रीसाठी नियम आधीच ठरलेला असावा: आधी प्रत्येकीला 15 युनिट, म्हणजे साधारण 90 किलोमीटर, मग उरेल ते मागणीप्रमाणे. चार गुणिले 15 आणि बाकी चार गाड्यांचे 24, मिळून 84. दुसऱ्या दिवशी ऑफिसला सगळे जातात. सकाळीच नागपूरला निघणाऱ्याने वाटेतल्या फास्ट चार्जरवर भरावं. हा नियम वार्षिक सभेत मंजूर करून घ्यावा, कारण भांडण झालं तर ते याच रात्री होणार.

फक्त स्वस्त दराच्या भरवशावर राहू नये. ग्राहक हक्क नियमांतल्या जून 2023 च्या दुरुस्तीनुसार सौर तासांत, म्हणजे दिवसाच्या उन्हाच्या ठरवून दिलेल्या तासांत, दर किमान 20 टक्के कमी ठेवायचा आहे. आपल्या वर्गाला कोणते तास लागू आहेत ते वीज नियामक आयोगाच्या ताज्या आदेशात पाहायचं. पण दर हा लोकांना सांगायचा इशारा आहे, भार नियंत्रित करण्याचं साधन नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2016 ते 2019 दरम्यान झालेल्या इलेक्ट्रिक नेशन या चाचणीत ते स्पष्ट दिसलं. वेळेनुसार बक्षीस ठेवल्यावर संध्याकाळची मागणी उतरली आणि स्वस्त वेळ सुरू होताच, रात्री दहाला, नवा सुळका उभा राहिला. सगळ्यांच्या टायमरमध्ये एकच मिनिट भरलेलं असतं. ब्रिटनने पुढे स्मार्ट चार्जरच्या 2021 च्या नियमांत, जे 30 जून 2022 पासून लागू झाले, प्रत्येक चार्जरने कमाल 600 सेकंदांपर्यंत यादृच्छिक उशीर करायची सक्ती केली.

आपल्याकडे त्या उशिराची गरज आणखी एका कारणाने आहे: गेलेली वीज परत येणं. तासभर वीज गेली की सगळे एसी, पंप आणि गाड्या एका क्षणी चालू होतात आणि ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज पुन्हा उडतो. चार्जरनी वीज आल्यावर आधी दहा मिनिटं काहीच घेऊ नये, मग एकेक करत सुरू व्हावं.

नियंत्रक आणि नेट

चार्जर ओसीपीपी (चार्जर आणि नियंत्रक यांच्यातली सगळ्यांना खुली भाषा) 1.6 जेसन किंवा 2.0.1 बोलणारे हवेत, नाहीतर एकाच कंपनीच्या अॅपला सोसायटी बांधली जाते. अँपिअर वाटणारा नियंत्रक इमारतीतच हवा. दूरच्या सर्व्हरवर सोपवलं आणि तळघरात मोबाइलची रेंज नसेल, तर यंत्रणा पहिल्याच पावसात गप्प होते. चार्जरपर्यंत कॅट 6 केबल टाकावी, वायफायवर विसंबू नये.

संपर्क तुटला तर काय, याचं उत्तर चार्जरमध्येच साठवलेलं असावं. कायमचा प्रोफाइल, म्हणजे प्रवाहाची साठवलेली मर्यादा, 6 अँपिअरचा ठेवायचा. नियंत्रकाने त्याहून जास्त प्रवाह दोन मिनिटांच्या मुदतीच्या प्रोफाइलने द्यायचा आणि तो सतत नवा करत राहायचं. नियंत्रक बंद पडला की दोन मिनिटांत सगळे आपोआप 6 वर येतात. आठ गुणिले सहा 48 अँपिअर होतात, 63 च्या ब्रेकरखाली आरामात. संध्याकाळच्या 20 च्या मर्यादेहून ते जास्त आहे, पण केबल सुरक्षित राहते आणि दहा तासांत प्रत्येक गाडीला साडेतेरा युनिट मिळतात. प्रवाह कमी करायचा तो लगेच, वाढवायचा तो अर्धा-एक मिनिट थांबून. नाहीतर दोन गाड्या एकमेकींना वरखाली ओढत राहतात.

यंत्रणा ताब्यात घेण्याआधी चार चाचण्या कराव्यात. एकाच फेजवर तीन गाड्या लावून मर्यादा 20 वर आणायची आणि पाच-दहा सेकंदांत क्लॅम्प मीटर खाली येतो का पाहायचं. नेटची केबल उपटायची आणि दोन मिनिटं मोजायची. मुख्य ब्रेकर पाडून पुन्हा चढवायचा आणि गाड्या एकदम सुरू होत नाहीत ना ते पाहायचं. नियंत्रकाचीच वीज काढायची.

स्कूटर

कारच्या चर्चेत त्यांच्याकडे कुणी पाहत नाही. पण 30 स्कूटर, प्रत्येकी 700 वॅटचा पोर्टेबल चार्जर, म्हणजे 21 किलोवॅट. 24 गाड्यांच्या रात्रीच्या सरासरीहून हा भार जास्त आहे, आणि साध्या सॉकेटवरून येत असल्याने कोणताही पायलट त्याला आवरू शकत नाही. त्यांना सामायिक मीटरवर दहा-दहा सॉकेटचे तीन गट करून द्यावेत, प्रत्येक गटाला कॉन्टॅक्टर (विजेने चालू-बंद होणारा मोठा स्विच) आणि टाइम स्विच, रात्री दहानंतर दोन-दोन तासांची पाळी. तीनही कॉन्टॅक्टरच्या कॉइल जनरेटरच्या चेंजओव्हर पॅनेलमधल्या सहायक कॉन्टॅक्टमधून न्याव्यात, म्हणजे जनरेटर सुरू झाला की स्कूटरचे गट तुटतात आणि लिफ्टला भार मिळतो. कारचा फीडर (मुख्य केबल) जनरेटरच्या बसबारवर घेऊच नये.

बिल आणि पुढचे चार्जर

चार्जरमधल्या मीटरच्या नोंदीने युनिटचे पैसे घ्यायचे. सगळ्यांची बेरीज मुख्य मीटरहून थोडी कमीच येईल, कारण केबल तापते आणि रिकामा चार्जरही काही वॅट घेतो. ती तूट आणि स्थिर आकार 24 जणांत समान वाटावा. वापर कमी असलेल्यालाही जागा राखून ठेवण्याचा खर्च येतोच.

6 अँपिअरच्या हिशेबाने दर फेजला नऊ चार्जर, म्हणजे एकूण 27 बसतात: नऊ गुणिले सहा 54. अठ्ठाविसावा अर्ज आला की नियम बदलावा लागतो. नंतर आलेल्या चार्जरचा साठवलेला प्रोफाइल शून्य ठेवायचा, म्हणजे संपर्क तुटला तर ते थांबतील आणि पहिले 27 चालू राहतील. ही अट त्या सभासदाकडून अर्जावरच लिहून घ्यावी. तोवर मीटरने नोंदवलेली कमाल मागणी वर्षभर तपासलेली असावी. ती मे महिन्यातही 30 किलोवॅटच्या आत राहिली असेल तर मंजूर भार वाढवायची घाई नको. नोव्हेंबरातच 38 ला टेकत असेल तर उन्हाळ्याआधी अर्ज करावा.